पाचवी वीज

बसा हो भाऊ, किती येरझाऱ्या घालाल? बघून बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडत न्हाई, तासभर मी तेच करून बघितलंय. या, ह्या बाकावर जागा हाय. तुमची मालकीण आत, माझी लेक आत. एक गोष्ट सांगतो, वेळ जाईल. फक्त माझी नजर ह्या फोनवर राहील, राग मानू नका. मधनंमधनं बोटही लावीन. हा विझला तर सगळं मुसळ केरात.

मी वैजनाथ. आधी गावातल्या जुन्या बागेत, मग कात्रजला, अशी एकतीस वर्षं प्राण्यांचे पिंजरे सांभाळले. शाळा चौथीपर्यंत, तीपण निम्मी बुडवलेली. मला एकच विद्या येती. दुखावलेलं जनावर वेगळं काढायचं. लंगडतंय, खात न्हाई, की आतल्या खोलीत. बाहेर माणसं तिकीट काढून उभी असली तरी आत.

आता रुपाली, माझी एकुलती एक. विश्रांतवाडीला दिलीय. आधी दोनदा पोटातलं राहिलं न्हाई तिच्या. ह्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणल्या, चार महिने खाटेवरनं उठायचं न्हाई. जावई योगेश सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो, म्हणून मी आन आमची कौशल्या तिच्याकडं राहायला गेलो. कौशल्यानं स्वैपाकघर धरलं. मी काय करणार? खुर्ची घेऊन लेकीजवळ बसायचो. ती छताकडं बघायची, न्हाईतर फोनवर हा खेळ.

खेळ साधा हाय. सहा जनावरं आपली, तेवढीच समोरच्याची. एकाएकानं पुढं यायचं, एक चाल आपली, एक त्याची. शेवटाला चार उस्ताद. चौघांना एका दमात हरवायचं, मधे विसावा न्हाई. एकाशी हरलं, न्हाईतर मधेच फोन विझला, की पुन्हा पहिल्यापासनं.

पहिले तिघं रुपालीला पाठ झाले होते. पहिल्याची सगळी झाडपाल्याची जनावरं, त्यांना आग लावायची. दुसऱ्याचा हत्ती लई दांडगा, त्याला झोप आणायची आन झोपेतच झोडायचा. तिसरीची जनावरं चपळ, त्यांना विष चढवायचं आन आपण कवचाच्या आत गप बसायचं. ती हळूहळू आपोआप वाळतात.

मी म्हणलं, "हे तर तुझ्या आत्याचं धोरण."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

चौथ्यानं मात्र अडवलं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्याचा काळा गरुड वीज पाडायचा. एक वीज बसली की आपलं जनावर अर्धं मेलं. रुपालीनं औषधं साठवली, जनावरं आणखी तयार केली, पुढचामागचा क्रम बदलून बघितला. अठरा वेळा हरली.

तिची एक चिंगी हाय. बारकी पाणकोंबडी, खेळ सुरू केला तेव्हा सगळ्यात आधी मिळालेली. गरुडाला लोळवायची ताकद तिच्यातच, पण पाण्यातल्या जनावराला वीज जास्तच लागती. चिंगी अर्धी झाली की मी म्हणायचो, "आत घे तिला."

"आबा, आत घेतलं की माझी चाल वाया जाते."

"जाऊ दे. लंगडतीय ती."

"हा गेम आहे. तुमचा पिंजरा नाही."

"बरं मग, मरू दे," असं म्हणून मी भिंतीकडं तोंड करायचो. मग ती वैतागून आत घ्यायची, आन हरायची. कौशल्या स्वैपाकघरातनं म्हणायची, "बाप शेजारी बसलाय तवर ती काय जिंकत न्हाई."

एकोणिसाव्यांदा हरली तेव्हा रडली हो. मी म्हणलं, अगं खेळच हाय ना. तर म्हणती, "आबा, मी मनाशी ठरवलंय. हा हरला की बाळ नीट येणार. आणि नाही हरला तर..."

एकतीस वर्षं वाघाच्या जाळीला टेकून भाकरी खाल्ली मी, कधी भ्यालो न्हाई. त्या दिवशी भ्यालो. असं ठरवू नये म्हणून सांगणार कुणाला? तिचं ठरवून झालं होतं.

मग मी त्या गरुडाकडं बघत बसलो. बागेत नवं जनावर आलं की आठवडाभर नुसतं बघायचं, ही आमची रीत. काय आवडतं, कधी चवताळतं, कधी दमतं. फोनवरचं इंग्रजी मला वाचता येत न्हाई, पण मोजता येतं.

परवा रुपाली माझ्याशी भांडून दमली होती. म्हणली, "घ्या, तुमच्या मनासारखं करते." चिंगीवर वीज यायच्या आत तिला मागं घेतली आन घोरपड पुढं केली. घोरपड मातीतली. वीज मातीत जिरती, तिला काहीच होत न्हाई. पुन्हा चिंगी पुढं, पुन्हा घोरपड, पुन्हा वीज वाया. असं चाललं. आन सहाव्या खेपेला गरुडानं वीज पाडलीच न्हाई. नुसती चोच मारली.

मी म्हणलं, "हा का दमला?"

रुपाली ताडकन उठून बसली. मी ओरडलो, आडवी हो. आडवी होऊन हळूच म्हणली, "आबा, प्रत्येक चाल ठरावीक वेळाच वापरता येते. त्याची वीज पाचदाच आहे. संपली त्याची."

बाकीची जनावरं आधीच पडली होती, म्हणून ती झुंज हरलोच. पण वाट सापडली. लंगड्याला आत घे, आत घे, हा माझा खुळेपणा म्हणजे त्या म्हाताऱ्यावरचा उतारा निघाला.

आज सकाळी नवाला पडल्या पडल्या खेळायला लागली. तिघं उस्ताद पडले, चौथ्याचा गरुड पुढं आला, रुपालीनं त्याची पहिली वीज वाया घालवली, आन कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या महिनाभर आधी. रिक्षात एक हात पोटावर, एका हातात फोन. मी म्हणलं ठेव तो. न्हाई ठेवला. येरवड्याच्या सिग्नलला तिसरी वीज झाली, ह्या दवाखान्याच्या पायरीवर चौथी. सिस्टरनं बांगड्या उतरवून घेतल्या, मग फोन. तो रुपालीनं माझ्या हातात दिला.

"आबा, एकच वीज उरलीय. चिंगी आत, घोरपड पुढे, एवढं तुम्ही करा. मग काही दाबू नका. शेवटचा फटका मी मारणार."

तासभर झाला. बोट पुढं होत न्हाई माझं. चुकीचं दाबलं तर? कौशल्या दवाखान्यामागच्या गणपतीपाशी बसलीय, उठत न्हाई. योगेश हिंजवडीच्या गर्दीतनं निघालाय, म्हणजे बारशाला पोचेल. तुम्ही आलात, कुणीतरी शेजारी बसलं, बरं वाटलं.

हे बघा, ही चिंगी. कशी धापा टाकतीय. आन हे घोरपडीचं चित्र. ह्याच्यावरच दाबायचं ना? तुम्ही पण बघा, मला एकट्याला बघवत न्हाई.

दाबलं.

चिंगी आत गेली. घोरपड आली. आता तो पंख उचलतोय. पडली. पडली बघा पाचवी. आन ही बया नुसती शेपटी हलवतीय.

हां सिस्टर, मीच. मीच रुपालीचा बाप.

ऐकलंत काय म्हणली ती? "आजोबा, गेम आटोपला असेल तर हात धुऊन या. मुलगी झालीय. दोघी बऱ्या आहेत."

दोघी बऱ्या आहेत.

उस्ताद अजून उभा हाय बघा, आन नात आली पण. आईनं काय ठरवलंय ते तिला कुणी सांगितलंच न्हाई.

थांबा, डोळे पुसू द्या. भाऊ, फोन आत नेऊ देत न्हाईत. हा जरा धरा. कडेला, इथं मोकळ्या जागेत, अधनंमधनं बोट फिरवा, विझू देऊ नका. गरुडानं कितीही चोच परजली तरी काही दाबू नका, शेवटचा फटका तिचा हाय. आन तुमचं बोलावणं आलं तर हा बाकावर ठेवून जाऊ नका. मला हाक मारा, मी हात ओले असले तरी येतो.