बोरन्हाणाला पाच पोरं

बोरन्हाणात डोक्यावरून ओतलेली बोरं लुटायला समोर निदान पाच पोरं तरी हवीत, आणि अंजनीबाईंना महाराजपूरच्या अख्ख्या कॉलनीत एक मिळेना. चार वर्षांची नात प्रणोती आईबरोबर बंगळुरूहून आलेली. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, सगळं तयार.

बाई सकाळपासून दारोदार फिरल्या. फॅक्टरीतून रिटायर झालेल्यांची ही कॉलनी. एके काळी इथं रोज कुणाची तरी काच चेंडूनं फुटायची. आता एका घराला कुलूप, एकाची नातवंडं कॅनडात, शेजारच्या गीतांजलीच्या सुनेनं तर कुत्रा पाळलाय आणि त्यालाच बाळ म्हणून राहिली. बाईंचं डोकं फिरलं.

"या पोरींना लेकरं काहून जड होतात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. दिवाकररावांनी पेपर खाली केला नाही.

शेवटी पाच म्हातारी माणसं पाटासमोर बसवली. बोरं ओतली, ती घरंगळत सोफ्याखाली गेली. वाकणार कोण? कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. प्रणोतीच उठली आणि एकेकाच्या हातात बोर ठेवू लागली.

सगळे गेल्यावर बाईंनी सुनेला गाठलंच. "क्षमा, आता दुसरं होऊ दे. एकटं लेकरू बरं नाही."

क्षमा सोफ्याखालची बोरं झाडूनं ओढत होती. "दुसरं होतं ना, आई. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. प्रणोती दीड वर्षाची, तुमचा योगेंद्र साइटवर, मला आई नाही. महिनाभर येता का म्हणून फोन केला होता तुम्हाला."

बाईंना सगळं आठवलं. नर्मदा परिक्रमेच्या बसचं बुकिंग झालं होतं. जन्मभर रांधून-वाढून पहिल्यांदाच त्या स्वतःसाठी कुठं निघाल्या होत्या, आणि त्यात काय चुकलं ते त्यांना आजही उमजत नव्हतं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आता माझ्याच्यानं होणार नाही. एक बास झालं."

"मग मी पाडलं," क्षमा म्हणाली. "आणि आता माझ्याच्यानं होणार नाही, आई."

बाई पाटावर बसल्या. परिक्रमा संपली त्या दिवशी नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्यांनी नऊ कुमारिका जेवू घातल्या होत्या. परक्यांच्या त्या नऊ मुलींचे पाय धुऊन, पदरानं पुसून, त्यांनी एकेकीच्या पायावर डोकं टेकलं होतं.