मागे कुणी नसतं

दिवसभर शाळेच्या गणवेशांना काजं करून काजताईचे डोळे चुरचुरत होते. कारखान्यात तिला याच नावाने हाक मारत. घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढीच इच्छा उरली होती. पण नवऱ्याने सायकलच्या दुकानात ओढून नेलं. लांबची सफर तोंडावर आली होती आणि दोघांच्याही सायकलींचे मडगार्ड मोडून पडले होते.

दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. एक आखूड, दिसायला झोकदार. दुसरा लांबलचक, टोकाला रबरी पट्टी असलेला.

"आखूड घेतलात तर तुमची पाठ वाचेल," तो म्हणाला, "पण चिखल मागच्याच्या तोंडावर उडणार. मागे कोणी असतं का?"

"छे हो! मागे कुणी नसतं," म्हणत नवऱ्याने आखूड जोडी उचलली.

काजताई त्याच्या मागेच उभी होती, त्याचीच पिशवी धरून! लग्नापासूनच्या प्रत्येक सफरीत हा वारा प्यायल्यासारखा पुढे आणि ही मागून त्याचा चिखल खात. भांडावं तर भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने मुकाट्याने आपल्यासाठी लांब जोडी घेतली.

घरी पाना तिच्याच हातात असायचा. नवरा साधा बल्ब बदलायला चढला तरी शेजारी धावत यायचे. तिने त्याचे आखूड मडगार्ड बसवून दिले आणि खाली फरशीवरच बसली.

"मी येत नाही सफरीला," ती म्हणाली.

"अगं, रजा मिळालीय ना? आता काय झालं?"

"मागे कुणी नसतं म्हणालात ना? मग नसलेल्या माणसाने यायचं कसं?"

"ते आपलं... बोलण्याच्या ओघात निघून गेलं गं."

"तेच तर! ओघातसुद्धा मी आठवले नाही." तिला रडू आलं. राग नव्हता, नुसती दमली होती बिचारी.

तो "बदलून आणतो," म्हणत पाना घेऊन स्वतःचेच मडगार्ड सोडवू लागला, तेही उलट्या बाजूने फिरवत.

"ठेवा तो! आटे घालवाल सगळे." तिने पाना हिसकावला आणि आपली सायकल पुढे ओढली. लांब मडगार्ड बसवून त्याच्या आधाराच्या काड्या सारख्या केल्या, चाक फिरवलं. खर्र खर्र वाजलं. पुन्हा सैल केलं, पुन्हा फिरवलं. आता आवाज गेला.

"या वेळी मी पुढे," ती म्हणाली. "तुम्ही मागे."

"कबूल! पण मग तुझा मडगार्ड एवढा लांब कशाला? खाऊ दे की मला चिखल."

"तुम्ही खाल हो खुशाल. कपडे कोण धुणार?"

तो हसायला लागला. तिला मात्र हसू आलं नाही. तिने शेवटचा नट आवळला.