गुणाबाईची मस्कतची बाटली

गुणाबाईची बाटली गेल्याचं भगवानला कळलं तेव्हा तो कोन गावातल्या घरी ओट्यावर बसून सुकट निवडत होता. फोन पनवेलच्या कुरियर ऑफिसातून होता. काउंटरवरची अंकिता बोलत होती.

"काका, तुमचं टोरांटोचं पार्सल विमानतळावर अडलं होतं. आत परफ्यूमची बाटली सापडली. बाकीचं सामान पुढे गेलं, बाटली काढून घेतली."

"मग ती कुठं ठेवली हाय?"

"ठेवली नाही, काका. नष्ट केली."

भगवानने फोन ठेवला आणि परत सुपात हात घातला. पण सुकट कुठली आणि कचरा कुठला, ते काही दिसेना.

भगवानच्या बायकोला, गुणाबाईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. ती निळी, जाड काचेची बाटली तिच्या भावाने, आपटा गावच्या दयारामने, मस्कतहून आणली होती. गावात कुणाचीही हळद असो, गुणाबाई ती बाटली घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभी राहायची आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या हाताला कापसाच्या काडीने वास लावायची. फवारा मोडला, असं तिने घरात कधीच सांगून टाकलं होतं. भगवानची मोठी भावजय भामा दर वेळी दोन्ही हात पुढे करायची. "फारेनचा वास लगेच कळतो," म्हणायची. "पनवेलच्या बाजारात असला मिळंल काय?"

आता टोरांटोला समृद्धीच्या मुलीचं बारसं होतं. लेकीने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, आईची बाटली पाठवा. येणाऱ्या बायकांच्या हाताला मी लावीन, आई लावायची तसं." भगवानने बाटली गुणाबाईच्या झंपरात गुंडाळली आणि मसाला-पापडाच्या मधोमध खुपसली. आत काय आहे असं काउंटरवर विचारलं, तेव्हा त्याने मसाला आणि पापड तेवढे सांगितले. एवढ्याशा बाटलीला कोण विचारतंय, असं त्याला वाटलं होतं.

बारसं पंधरवड्यावर आलेलं. तो तडक कुरियर ऑफिसात गेला.

"त्यात स्पिरिट असतं काका," अंकिता म्हणाली. "विमानात पेट घेऊ शकतं. बाटलीवर ज्वाळेचं चित्रसुद्धा होतं."

"माझ्या बायकोनं ती हळदीच्या मांडवात चुलीच्या शेजारी ठेवली. कदी पेटली नाय."

"मांडवातल्या चुलीचं मला माहीत नाही. विमानवाले बाटलीवरचं वाचतात, उघडून वास घेत बसत नाहीत."

भांडायला आलेल्या माणसाला पोरीने पाण्याचा ग्लास दिला, त्यामुळे भांडण तिथंच संपलं.

बाटली पुसायचा फडका तेवढा घरी राहिला होता. तो खिशात घालून भगवान बाजारात मुनाफभाईंच्या अत्तराच्या दुकानात गेला. निदान जवळपासचा वास तरी मिळाला तर बघावं, एवढाच विचार. मुनाफभाईंनी फडका नाकाशी धरला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कोनचे भगवानशेट का तुम्ही? हा तर गुणाभाभींचा वास. मोगरा जास्त, खस कमी आणि केवडा नावाला."

"हा मस्कतचा हाय."

"बाटली मस्कतची. आतलं माझं." मुनाफभाईंनी त्याला स्टूल दिलं. "पहिलं विलायती संपून जमाना झाला. दर लगीनसराईच्या आधी निळी बाटली घेऊन यायच्या. फवाराही त्यांनीच काढायला लावला. म्हणायच्या, भाई, भरा, पण गावात बोलू नका. जावेला कळलं तर ती हात पुढे करायची नाही."

भगवान हसायला लागला. भामाचे पुढे केलेले दोन्ही हात त्याला दिसत होते आणि गुणाबाईचा तो साळसूद चेहरा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. हसू थांबलं तरी ते यायचं थांबलं नाही, तेव्हा मुनाफभाई पाठ करून फळीवरच्या बाटल्या सारख्या करत राहिले.

मग तेच अत्तर एका छोट्या बाटलीत भरत म्हणाले, "हे तेलातलं अत्तर. स्पिरिटचा थेंब नाही. माल सहज पेटत नाही असा बनवणाऱ्याचा कागद देतो, तो कुरियरवाल्यांना दाखवा. आणि या वेळी लपवू नका. बाटलीला झाकण घट्ट लावून रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवा. सकाळी डाग दिसला नाही तरच पाठवा."

भगवान रात्री तीनदा उठून वर्तमानपत्र बघून आला. सकाळी ते कोरडं होतं.

अंकिताने कागद वाचला, साहेबांना फोन लावला आणि होकार आल्यावर झाकणावर चिकटपट्टी फिरवली. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापसात आणि ते सगळं खोक्यातल्या खोक्यात.

"काका, अजून काही लपवलंय?"

"थोडी सुकट हाय."

"ती काढा आधी."

पार्सल बारशाच्या दोन दिवस आधी पोहोचलं. बारशाच्या संध्याकाळी पुतण्या निकेशने लॅपटॉपवर स्काइप लावून दिलं. भगवानच्या शेजारी भामा नवं पातळ नेसून बसली होती. तिकडे सकाळ होती. समृद्धी दारात उभी राहून प्रत्येक बाईच्या हाताला कापसाच्या काडीने अत्तर लावत होती. पुढच्या बाईकडे वळताना मान जराशी तिरकी करायची, अगदी गुणाबाईसारखी. शेवटी ती पडद्यासमोर आली आणि तिने हात नाकाशी धरला.

"बाबा, आई इथंच कुठंतरी आहे असं वाटतंय."

भामाने पदर सारखा केला.

"वाटनारच, पोरी. मस्कतचा माल तो. आपल्या पनवेलला मिळतो काय असला? भावजी, तुमीच सांगा."

"नाय मिळत, वयनी," भगवान म्हणाला.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. भामाला खरं काय ते सांगायचं अजून राहिलं आहे.