आवाज कुठून आला

दुकानदाराला जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्याला फसवायला जाणारेच तोंडघशी पडत. डाळ तो बोटांनी ओळखी, गिऱ्हाईक खोकल्यावरून. नोटांपुरते मात्र त्याचे डोळे म्हणजे त्याचा बालमित्र. तो बँकेत रोखपाल, म्हणून दुकानदार त्याला चेष्टेने 'खजिनदार' म्हणे. रोज कामावर जाण्याआधी खजिनदार गल्ला लावून देई, फाटकी नोट खपवणाऱ्याचा उद्धार करी आणि वर फुकटचा चहा ढोसून जाई.

मग सगळे फोनवरून पैसे द्यायला लागले. दुकानदाराच्या बायकोने पैसे जमा झाल्याचं बाईच्या आवाजात मोठ्याने सांगणारी डबी आणली आणि त्याच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवली. दुकानदार हरखला. आता नोटेसाठी कुणाचं तोंड बघायला नको होतं. पण त्याच फोनांपायी बँकेतली खजिनदाराची खिडकी बंद झाली आणि तो बावन्नाव्या वर्षी घरी बसला. एकाच्या सोयीत दुसऱ्याचं वाटोळं होतं ते असं.

तरी तो रोज यायचाच. गल्ल्याचं काम उरलं नाही, म्हणून पेपर वाचून दाखवायचा. जाताना साबण नाहीतर चहापूड घ्यायचा आणि फोनवरून पैसे द्यायचा. दोन महिन्यांपूर्वी दुकानदाराच्या लक्षात आलं की खजिनदाराच्या वेळी आवाज फळीवरून येत नाही. तीच बाई, तेच 'पैसे जमा झाले', पण समोरून, कमरेच्या उंचीवरून. मित्राच्या खिशातून. पैसे येत नव्हतेच, फोनमध्ये भरून ठेवलेला नुसता आवाज वाजत होता.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोला त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं. राग आला, नाही असं नाही. पण हात पसरणं खजिनदाराच्या रक्तात नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? साबण गेला तर गेला. मित्र यायचा थांबला तर काय करायचं? म्हणून तो रोज खिशातला आवाज ऐके आणि म्हणे, "मिळाले रे."

एका सकाळी डबी घरघरायला लागली. बायको ती दुरुस्तीला घेऊन गेली. खजिनदार आल्या आल्या त्याला हे सांगायचं, पैसे उद्या दे म्हणायचं, असं दुकानदाराने ठरवलं होतं. पण पेपरात बकरीने कुणाचा तरी अर्ज खाल्ल्याची बातमी निघाली. दोघं पोट धरून हसले आणि सांगायचं राहून गेलं.

खजिनदाराने चहापूड घेतली. खिशातली बाई बोलली. दुकानदार सवयीने म्हणाला, "मिळाले रे."

निघालेली पावलं थांबली.

"डबी कुठंय?" खजिनदाराने विचारलं.

"दुरुस्तीला." एखादं खोटं सुचायला हवं होतं, सुचलं नाही.

"मग तू कधीपासून..."

"तू बस ना. चहा मागवतो."

चहापुडीचा पुडा अलगद परत फळकुटावर ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पायऱ्या उतरल्याचा.

दुकानदार उठला, पोत्याला अडखळला, चाचपडत दारापर्यंत गेला. दुकानाच्या पायरीपुढे तो आजवर एकटा कधी गेला नव्हता. जायचा तो खजिनदाराच्या खांद्यावर हात ठेवून. तिथेच उभा राहून तो हाका मारत राहिला. शेवटी कुणीतरी जवळ येऊन विचारलं, "काका, कुठं सोडू तुम्हाला?"