मनकर्णाने शिकवलेला हात

"याच्यात आता जीव नाही," पुण्याहून आलेल्या इंजिनीअरने पान्यांची पेटी बंद करत सांगितले. "बॅटऱ्या कधीच्या मेल्यात. सहाही सांधे आपापली शून्याची जागा विसरलेत. वर लोखंड कापणाऱ्या प्लाझ्मा कटरची ठिणगी पडली की कंट्रोलर बंद पडतोय. भंगारात घाला."

गडचांदूरच्या रस्त्यालगतच्या त्या शेडमध्ये सिमेंट कारखान्यांसाठी लोखंडी हॉपर, म्हणजे माल ओतायची मोठी नरसाळी, आणि पाइप बनत. जाड प्लेटा कापायला म्हणून मालक विनोदभाऊंनी चाकणच्या एका बंद कारखान्याच्या लिलावातून हा जुना रोबो, म्हणजे माणसापेक्षा उंच असा यंत्रहात, ट्रकवर घालून आणला होता. महिनाभर तो कोपऱ्यात मान टाकून उभा होता.

विनोदभाऊ काही बोलण्याआधी मागून आवाज आला.

"भाऊ, भंगारात घालाच्या आधी आठ दिवस मले द्या."

रंगाचा ब्रश हातात धरून मनकर्णा उभी होती. इंजिनीअर हसला. विनोदभाऊ हसले नाहीत, पण त्यांना हो म्हणायला बराच वेळ लागला.

मनकर्णा दुर्गे पंचवीस वर्षे गॅसकटर, म्हणजे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणारी, होती. चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये नाव घालायला गेली, तेव्हा तिथल्या बाबूने तिला शिवणकामाचा वर्ग दाखवला होता. "कापाचंच हाये ना? मंग मी लोखंड कापीन," असे म्हणून ती वेल्डरच्या वर्गात जाऊन बसली. त्या वर्षीची ती एकटीच मुलगी. डावखुरी होती, पण तिने कापलेल्या गोलाची कड कधी घासावी लागली नाही. पुढे वर्षानुवर्षे ग्राइंडर धरून तो डावा हातच थरथरू लागला. गेल्या वर्षी एक प्लेट तिरपी कापली गेली आणि विनोदभाऊंनी तिच्या हातची कापायची गॅस टॉर्च काढून घेतली. "बाई, तुमी आता रंगाचं पाहा," इतकेच म्हणाले. तेव्हापासून दुसऱ्यांनी कापलेल्या वाकड्या कडा ती रंगवत होती आणि दर कडेला मनातल्या मनात नावे ठेवत होती.

इंजिनीअर दोन दिवस खपत होता तेव्हा ती ब्रश घेऊन त्याच्याभोवतीच घुटमळत राहिली होती. हे काय, ते कशाला, शून्य म्हणजे काय? रंगवणाऱ्या बाईला सांगून काय बिघडते, म्हणून त्यानेही सगळे सांगितले होते. तिने ते वहीत उतरवून ठेवले होते.

नव्या बॅटऱ्या आल्या. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर एकेक बारीक खूण असते. त्या समोरासमोर आल्या की ते त्या सांध्याचे शून्य. मनकर्णाने रॉकेलच्या चिंधीने वर्षानुवर्षांचे ग्रीस पुसले. पाच सांध्यांच्या खुणा सापडल्या. सहाव्यावर कोणीतरी रंग थापला होता. तिने डोळे मिटून अंगठ्याचे नख फिरवले, पुन्हा फिरवले, आणि एका जागी नख अडकले.

क्रेन चालवणारा लटारू हे सगळे बघत होता. तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, शेडमधला सर्वांत जुना माणूस.

"काऊन वो मनकर्णा, जे आपली जागा खाईन, त्यालेच जित्तं करून राह्यली?"

"माझी जागा तं गेल्या सालीच गेली, लटारूभाऊ. हात गेला. डोस्कं तं नाई गेलं ना? कुठून कापाचं, किती वेगानं, हे त्याले कोणी तं सांगावंच लागन."

पण खरी अडचण पुढेच होती. रोबोला शिकवायचा रिमोट पाटीएवढा. त्याच्या मागे, डाव्या हाताच्या बोटांखाली एक बटण. ते अर्धेच दाबून धरायचे. सुटले तर रोबो थांबतो, घट्ट दाबले तरी थांबतो. मनकर्णाचा डावा हात थरथरला की रोबो खाडकन थांबे. सकाळपासून दुपारपर्यंत तो हातभरही सरकला नाही.

विनोदभाऊंनी टेपचा रोल पुढे केला. "बटनाले टेप मारून टाका. कायले तरास?"

"नाई जी. घाबरला माणूस बटन सोडते नाई तं करकचून दाबते, म्हणून ते तसं बनवलं हाये. टेप मारली तं हा हात कोनाच्या बी डोस्क्यात बसन."

"मंग राहू द्या. नाई जमत तुमाले."

"आठ दिवस म्हटले होते भाऊ. आज चौथा हाये."

तिने ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवली, रिमोट तिच्यात ठेवला आणि कोपर बरगडीला आवळून धरले. हातावरचे वजन गेले. थरथर गेली नाही, पण बोटांच्या शेंड्यांशी येऊन निवली. रोबो हळू, न अडखळता वर उठला. संध्याकाळी सहाही खुणा समोरासमोर होत्या.

उरली ठिणगी. रोबोच्या टोकाचा प्लाझ्मा कटर पेटताच रोबो चालवणाऱ्या कंट्रोलरचे दिवे विझत. मनकर्णाला आठवले, पूर्वी वेल्डिंग सुरू झाले की ऑफिसातला रेडिओ खरखरायचा. वेल्डिंग मशीन आणि ऑफिस, दोघांची अर्थिंग, म्हणजे जमिनीत सोडलेली तार, एकच होती. प्लाझ्मा आणि कंट्रोलरचेही तेच होते. तिने शेडमागे कंट्रोलरच्या अर्थिंगसाठी वेगळा खड्डा मागितला. पहार लटारूने धरली. तिने बोलावले नव्हते, तो आपणहून आला. खड्ड्यात तांब्याची प्लेट, वर कोळसा, मीठ, पाणी.

सातव्या दिवशी दुपारी रोबोने वीस मिलिमीटरच्या प्लेटमधून पहिला गोल कापला. तुकडा खाली पडला तेव्हा शेडमधले सगळे ग्राइंडर बंद होते.

विनोदभाऊंनी कड निरखून पाहिली. "बाई, मानलं तुमाले. आता पुण्याच्या त्या पोराले बोलावतो, तो चालवीन. तुमी त्याले सगळं दाखवून द्या."

"चालवीन मी," मनकर्णा म्हणाली. "त्याले शिकाचं असन तं खुशाल ये म्हणा. शिकवीन."

विनोदभाऊंनी लटारूकडे पाहिले. लटारू खिशातली तंबाखू शोधत होता. पुण्याला फोन गेला नाही.

पंधरा दिवसांनी सिमेंट कारखान्याचे साहेब माल बघायला आले. एका हॉपरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले.

"कोणी कापलं हे?"

"मशीननं, साहेब," विनोदभाऊ म्हणाले.

"मशीनले अक्कल कोनं देल्ली, ते बी सांगा ना भाऊ," क्रेनपाशी उभा राहून लटारू म्हणाला.

साहेब जवळून बघायला पुढे सरले. रोबोभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेच्या आत उभी राहून मनकर्णा त्याला एकेक बिंदू दाखवत नवीन आकार शिकवत होती. तिने मान वर केली.

"साहेब, त्या पिवळ्या रेषेच्या बाहेर राहा. भाऊ, तुमी बी."

साहेबांनी विनोदभाऊंकडे पाहिले. विनोदभाऊंनी आपल्या बुटाकडे. बूट वीतभर आत होता. ते मागे झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ साहेबही.

मनकर्णाने पुढचा बिंदू धरला.