रबर बांधल्यावरचं मिनिट

चौघांनी मिळून त्याला ऑपरेशनच्या टेबलावर आडवा केला. तरी त्याची एक लाथ सुटलीच. सलाईनचा स्टँड भिंतीवर जाऊन आदळला. उजव्या हाताला गुंडाळलेल्या टॉवेलमधून रक्त ठिबकत होतं आणि काचेचा एक तुकडा अजून आतच रुतलेला होता.

"मुकाट्याने पडून राहा!" टॉवरने त्याच्या छातीवर अख्खं अंग टाकलं. साडेसहा फुटी तंत्रज्ञाला सगळे याच नावाने हाक मारत.

दोन तासांपूर्वी या माणसाने अपघात विभागात असाच एक स्टँड उचलून इथे आया म्हणून काम करणाऱ्या मावशीच्या तोंडावर हाणला होता. का, तर "भाऊ, जरा थांबा, आधी त्या आजोबांना घेतलंय," एवढंच ती म्हणाली. मग त्याने दाराची काच ठोशाने फोडली आणि स्वतःचंच मनगट चिरून घेतलं. मावशीचा जबडा दोन ठिकाणी मोडला. त्याचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून नंबर आधी त्याचा. मावशी बाहेर बोळात स्ट्रेचरवर पडून होती. मघापर्यंत दोन्ही स्ट्रेचर शेजारी शेजारीच होते.

भुलीच्या डॉक्टरबाईंनी पांढरं औषध भरून घेतलं. झोपेचं हे औषध शिरेत जाताना आग पेटल्यासारखं होतं. म्हणून बाई आधी दंडाला रबर बांधत, शीर बधिर करणारं औषध सोडत, घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबत आणि रबर सोडून मगच पांढरं औषध देत. अकरा वर्षांत यात खंड नव्हता. "बाईंचं मिनिट सुरू झालं, चहा मागवा रे," असं सर्जन चिडवत. त्या मिनिटात पेशंटचा हात धरून बसायचं काम मावशीचं.

टॉवरने बधिर करायच्या औषधाची सिरिंज ट्रेच्या कडेला सरकवली.

"आज मिनिट राहू द्या, बाई."

बाईंनी मान वर केली नाही.

"मावशीचे तीन दात वेचलेत मी फरशीवरून. खिशात आहेत अजून. दाखवू?"

सर्जन हात धुऊन आले होते. ते दिव्याकडे बघत राहिले.

माणूस एकाएकी शांत झाला. त्याने डावा हात आपणहून पुढे केला.

"रबर बांधा ना," तो म्हणाला. "बांधतात ना आधी?"

हा कोण विचारणारा? बाईंनी पांढऱ्या औषधाची सिरिंज उचलली. कोपराजवळची जाड शीर त्यांना दिसत होती. त्यांनी हात उलटा केला, मुठीच्या मागची, जिथे आग जास्त होते ती सगळ्यात बारीक शीर निवडली आणि पांढरं औषध सावकाश, फार सावकाश ढकललं.

त्याची पाठ कमानीसारखी उचलली गेली. तो गुरासारखा ओरडला. टेबलाला बांधलेला पट्टा तुटला. ओरडणं दारापलीकडे, बोळापर्यंत गेलं आणि मग एकदम विझलं.

"जागा झाल्यावर यातलं काही आठवणार नाही त्याला," टॉवर म्हणाला.

बाईंनी कागदावर वेळ आणि मात्रा लिहिली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

दीड तासाने मावशीला आत घेतलं. चेहरा काळानिळा, हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी. बाईंनी स्वतः तिच्या दंडाला रबर बांधलं. कोपराजवळची जाड शीर. बधिर करणारं औषध. भिंतीवरचा काटा सरकू लागला.

"मावशी, त्याला चांगली अद्दल घडली," टॉवर तिच्या कानाशी वाकून म्हणाला.

मावशीने डोळे उघडले. मोडक्या जबड्यातून एकेक शब्द रक्तासकट बाहेर आला.

"बाहेर... घाबरून रडत होता. मी सांगितलं त्याला... रबर बांधतील. मिनिटभर थांबतील." "आमच्या बाई दुखू देत नाहीत, म्हणाले मी."

टॉवरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मिनिट संपायला अजून चाळीस सेकंद होते. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

मावशीने तो हळूच सोडवून घेतला, चादरीखाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली.