ताईंचे मिस्टर

बेटावर चहूकडे पाणीच असल्यामुळे एखाद्याला पाण्यात पाहायची सोय उत्तम होती. जनरेटरच्या मिस्त्रींनी ती पहिल्याच महिन्यात वापरायला घेतली. आणि पाहायला सापडलं कोण, तर स्वतःची बायको.

बेटाला वीज पुरवणारा जनरेटर दुरुस्त करून सहा महिने चालवून द्यायचा, एवढ्यासाठी मिस्त्री आले होते. निघताना त्यांनी बायकोला बजावलं होतं, "तिथे तुला करमायचं नाही. आठवड्याला एक बोट, ना नातं ना गोतं. पण मी आहे, घाबरू नकोस." ती रडेल, आपण समजूत काढू, असा सहा महिन्यांचा कार्यक्रम त्यांनी मनाशी आखला होता.

ती रडली नाही. पत्र्याखालच्या दोन खोल्या झाडल्या, गंजलेल्या कडीला खोबरेल तेल लावलं, विजेवरचं शिलाई मशीन व्हरांड्यात मांडलं आणि तिसऱ्याच दिवशी बोटवाल्याची उसवलेली विजार शिवून दिली. झालं! पंधरवड्यात ती अख्ख्या बेटाची ताई झाली. आणि ज्यांच्या जिवावर ते मशीन फिरत होतं, त्यांना लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, "ताईंचे मिस्टर ना तुम्ही?"

मिस्त्रींच्या पोटात दुखू लागलं. ओवा खाऊन थांबणारं ते दुखणं नव्हतं.

"आज इंजिनाचा पट्टा बदलला," एकदा जेवताना ते म्हणाले.

"हो का? छान. अहो, दुकानवालीच्या सुनेला दिवस गेलेत. सासूच्याही आधी मला सांगितलं!"

मिस्त्रींचा घास तोंडातच फिरला. एकदा वीज गेली ना, की कळेल सगळ्यांना, बेट कुणामुळे चालतं ते!

शनिवारी दुपारी दोनला, ऐन उकाड्यात, त्यांनी धडधाकट इंजिन बंद केलं. चार पाने-पकडी जमिनीवर पसरल्या, हातांना ग्रीस फासलं आणि गर्दीची वाट पाहत बसले. उत्तरही तयार होतं : "प्रयत्न करतोय, शब्द देत नाही." तास झाला, कुणीही फिरकलं नाही. शेवटी तेच उठून घरी निघाले.

बेटावर वाऱ्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्यांचाच व्हरांडा. पंखे बंद पडल्यावर सगळं बेट तिथे लोटलं होतं. पायरीवर चपलांचा ढीग होता, आत हसण्याचा.

"या या, ताईंचे मिस्टर! सरका रे जरा."

"वीज गेलीय," मिस्त्रींनी स्वतःच जाहीर केलं.

"असू द्या हो, भाऊ," दुकानवाली म्हणाली. "कधी नव्हे ते सगळे एकत्र बसलोय. तुम्ही मुळीच घाई करू नका."

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. तरातरा परत जाऊन त्यांनी इंजिन सुरू केलं. व्हरांड्याकडून एकच सूर आला, "अरेरे! आली वाटतं."

संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर ते बायकोसमोर बसले. "मोठा बिघाड होता."

"असणारच," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "सव्वादोनला चहा घेऊन आले होते मी. तुम्ही हातांना ग्रीस लावत होतात, लग्नाला निघाल्यावर क्रीम लावावं तसं. म्हटलं, कामात व्यत्यय नको."

दोरा ओवून तिने मशीन सुरू केलं. मिस्त्री म्हणाले, "तुला इथे माझी गरजच उरली नाही."

तिने मशीन थांबवलं. "सकाळी सातला जाता, दिवेलागणीला येता. तोवर काय भिंतीशी बोलू? पुढच्या शनिवारी बंद करणार असाल तर चारला करा, तोवर माझं शिवण उरकेल. आणि तिथे मुळी बसू नका, सरळ घरी या. मी जागा धरून ठेवते."

"तुझ्याच शेजारी ना?" मिस्त्रींनी खात्री करून घेतली.